फुल साइज पिकअपचं ॲव्हरेज १४ च्या वर जातच नाही, सवय करून घेऊ की विकून टाकू?

धुळकट_बेड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. ऑस्टिनच्या दक्षिणेला राहतो. सहा महिन्यांपूर्वी २०१७ चा वापरलेला फुल साइज पिकअप घेतला, व्ही८, क्रू कॅब, फोर बाय फोर. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, लिहिला की धागा भलतीकडेच जातो हे इथे बघून झालंय. कंपनीच्या ॲव्हरेजच्या स्टिकरवर सिटी १६, हायवे २२, दोन्ही मिळून १८ असं होतं, मी मनाशी १७ तरी धरलेलं. डॅशवर १५ च्या आसपास दाखवतो आणि मी दर वेळी पावती ठेवून वहीत हिशेब केला तर १३.८, फार तर १४. मैल पर गॅलन म्हणतोय हां, लिटरला नाही.

त्यावरून आठवलं, बाबांनी फोनवर विचारलं "ट्रक ॲव्हरेज किती देतो रे?" म्हणलं चौदा. "एवढ्या मोठ्या गाडीला चौदा म्हणजे झकासच की." मी पुढे काही बोललोच नाही, लिटरला जेमतेम सहा किलोमीटर पडतं हे त्यांना कळलं तर उद्याच विमानात बसून समजवायला येतील.

वापर म्हणाल तर मुलीची शाळा दोन मैल, ऑफिस सहा मैल, आठवड्यातून एकदा सेगीनला साइटवर जावं लागतं ते स्टेट हायवे १३० च्या टोल रोडने, आणि वीकेंडला लाकूड, मल्च, टाइल्स, शिवाय कोणाचा ना कोणाचा सोफा (ट्रक घेतल्यापासून मित्र वाढलेत हे वेगळंच). पुढच्या वर्षी कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) घ्यायचा विचार आहे, ट्रक घेतला तोच त्यासाठी.

एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, चार टाक्या महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून बघितलं, फरक शून्य. परवा तर टाकी भरायच्या आधीच पंप कार्डाच्या लिमिटला येऊन थांबला, परत कार्ड घालून उरलेलं भरलं, तेवढ्यात शेजारच्या बाई भरून, काच पुसून निघूनही गेल्या. बायको काही बोलत नाही, नुसती पावती फ्रिजला लावते. तिची सेडान ३० देते.

तर प्रश्न असा की गाडीत काही बिघाड आहे का, का हे असंच असतं? आणि हा विकून हायब्रिड पिकअप घेतला तर शहाणपणा होईल का?

सरळसोट

अडीच टनांची गाडी घेऊन मुलीला दोन मैलांवर शाळेत सोडायचं आणि मग ॲव्हरेज मिळत नाही म्हणून रडायचं. घेताना स्टिकर वाचला होता ना, मग आता भोगा.

धुळकट_बेड

वाचला होता हो, म्हणून तर १८ चे १४ का पडतात ते विचारतोय. १८ पडले असते तर धागाच काढला नसता.

मैलाचा_दगड

सरळसोट भाऊ, त्याचा प्रश्न रास्त आहे, उगाच टोमणे नको.

धुळकट, मी १९९८ पासून पिकअपच चालवतोय, हा चौथा. बिघाड वगैरे नंतर बघू, आधी चार गोष्टी सांग म्हणजे अंधारात दगड मारायला नको. टायर ओरिजिनल साइजचे आहेत का आधीच्या मालकाने मोठे घातलेत? गाडी पुढून उचललीये का, म्हणजे लेव्हलिंग किट वगैरे? पुढच्या बंपरच्या खाली काळ्या प्लॅस्टिकची झालर असते, एअर डॅम म्हणतात तिला, ती जागेवर आहे का, वाकून बघ. आणि गॅस कॅप, म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण, पिवळी आहे का? पिवळी असेल तर गाडी फ्लेक्स फ्युएल आहे, म्हणजे जास्त इथेनॉलवरही चालते, मग पंपावर कधी पिवळ्या हँडलचं भरलंयस का तेही खरं खरं सांग.

आणि प्रीमियम ताबडतोब बंद कर. मॅन्युअलमध्ये ८७ ऑक्टेन लिहिलं असेल तर ९३ टाकून इंजिनाला काहीही जास्तीचं मिळत नाही, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, लवकर पेट न घेण्याचा गुण आहे तो. ज्या इंजिनांना कंपनी स्वतः प्रीमियम सांगते त्यांची गोष्ट वेगळी.

धुळकट_बेड

ड्राइव्हवेवर झोपून बघून आलो, शर्टाची वाट लागली.

टायर ३३ इंची ऑल टेरेन, आधीच्या मालकाने घातलेले, दाराच्या स्टिकरवर २६५/६५ आर १८ लिहिलंय म्हणजे ओरिजिनल यापेक्षा लहान होते. लेव्हलिंग किट आहे, दोन इंच. झालर नाहीये! क्लिपांची भोकं दिसतायत ओळीने, झालर गायब. हवा बघितली तर चारही टायरात २८, दारावर ३५ लिहिलंय.

आणि कॅप पिवळी आहे. हो, पिवळ्या हँडलचं भरलंय. गॅलनमागे ४० सेंट स्वस्त होतं म्हणून गेल्या पाच टाक्यांत दोनदा ई८५ भरलं. त्याचा संबंध आहे का?

मैलाचा_दगड

संबंध आहे का म्हणून काय विचारतोस रे, निम्मं उत्तर तिथेच आहे.

ई८५ मध्ये ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असतं, महिना आणि प्रदेशाप्रमाणे बदलतं. इथेनॉलमध्ये गॅसोलीनपेक्षा ऊर्जाच कमी, त्यामुळे त्याच गाडीत मैल १५ ते २७ टक्क्यांनी घटतात. समजा २५ टक्के घटले, तर साधं ३ डॉलरला असताना ई८५ सव्वादोनच्या खाली मिळालं तरच फायदा. ४० सेंटने भागत नाही. साध्या गॅसमध्येही (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतंच, त्याचा ३ टक्क्यांचा फटका सगळ्यांनाच बसतो, तो सोडून दे.

आता टायर. मोठ्या टायरचा दुहेरी घोळ असतो आणि लोकांना त्यातला एकच कळतो. एक म्हणजे ते जड असतात, रुंद असतात, दातेरी असतात, फिरवायलाच जास्त ताकद लागते, हे खरं नुकसान. दुसरं म्हणजे टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त लांब जाते पण कॉम्प्युटरला ते माहीत नसतं, तो जुन्याच टायरच्या हिशेबाने मैल मोजतो, म्हणजे तू प्रत्यक्षात जास्त चालवलेलं असतं आणि ओडोमीटर कमी दाखवतो, मग तुझं वहीतलं ॲव्हरेजसुद्धा आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. हे खोटं नुकसान. इंटरस्टेटवर कडेला मैलांचे हिरवे बोर्ड असतात ना, एका बोर्डाला ट्रिप शून्य कर, पन्नास बोर्ड मोज, मग ट्रिप बघ. माझ्या मागच्या ट्रकला ५० मैलांना ४८ दाखवायचा. वेगही तसाच, ७० दिसला तर खरा ७३ असतो, पोलिसाला हे कारण चालत नाही, सांगून बघितलंय.

डॅशवर १५ आणि वहीत १४, तर वही खरी. पण एकाच टाकीवरून काही ठरवू नकोस, पंप कधी लवकर बंद होतो कधी उशिरा, तीन-चार टाक्यांची बेरीज धर, शक्यतो त्याच पंपावर आणि पहिल्या क्लिकला थांबून.

हवेचं म्हणशील तर प्रत्येक पीएसआयमागे (दाबाचं माप, तुझे २८ आणि ३५ तेच) ०.२ टक्के, तुझे सात कमी म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. किरकोळ, पण फुकट आहे आणि टायरही वाचतील. भरताना टायर गार असू दे.

टेक्सास_तात्या

टेलगेट (मागचं फळकं) खाली टाकून चालव भावा, हायवेला हवा आरपार जाते, दीड-दोन मैल वाढतात. जाळीवाला टेलगेट मिळतो तो अजून भारी.

मैलाचा_दगड

तात्या, नका हो त्याला भरीस घालू. टेलगेट वर असला की बेडमध्ये, म्हणजे मागच्या हौद्यात, हवेचा एक भोवरा तयार होऊन बसतो आणि वरची हवा त्या भोवऱ्यावरून सरकत जाते, टेलगेट टाकला की तो भोवरा मोडतो आणि उलट ओढ वाढते. मी स्वतः नव्वदच्या दशकात टेलगेट टाकून फिरायचो आणि एकदा एक कूलर हायवेला अर्पण केला, ते वेगळं. बेडवर कव्हर घातलं तर थोडाफार फायदा होतो, पण नुसत्या गॅससाठी कव्हर घेऊ नये, वसूल व्हायला वर्षं जातात.

आकडेमोड

मी जरा वेगळं बोलतो. मैल पर गॅलन हा आकडाच माणसाला फसवतो, त्याच्या नादी लागू नकोस. तुला पैसे गॅलनचे द्यावे लागतात, तर गॅलन मोज.

वर्षाला १२ हजार मैल धर. १४ ने ८५७ गॅलन. १८ ने ६६७. फरक १९० गॅलन, ३ डॉलरने ५७० डॉलर, म्हणजे महिन्याला पन्नासलाही कमी. ज्या चार मैलांसाठी तुझी झोप उडालीये त्यांची किंमत एवढी.

आता हायब्रिड. फोर्डच्या एफ-१५० पिकअपचा हायब्रिड २०२१ ला आला, तेव्हा फोर बाय फोरला ईपीएचा (स्टिकरवरचे आकडे ठरवणारं सरकारी खातं) आकडा २४. १२ हजार मैलांना ५०० गॅलन, म्हणजे तुझ्यापेक्षा ३५७ कमी, वर्षाला १०७१ डॉलर. ऐकायला बरं वाटतं, पण तुझा ट्रक देऊन वर समजा ३० हजार घालावे लागले तर टेक्सासचा ६.२५ टक्क्यांनी टॅक्सच झाला १८७५. पावणेदोन वर्षांची बचत शोरूमच्या दारातच संपली, व्याज आणि इन्शुरन्स अजून धरलेलंच नाही. गाडी मोडकळीला आली असती तर गोष्ट वेगळी, चालती गाडी ॲव्हरेजसाठी बदलू नये.

उलटी बाजूही बघ. १४ चे १७ झाले तर १५१ गॅलन वाचतात. तुझ्या बायकोची ३० वाली सेडान कोणी ४० ची करून दिली तर तेवढ्याच मैलांना १०० च वाचतात. वाईट गाडीतले तीन मैल चांगल्या गाडीतल्या दहा मैलांना भारी पडतात. म्हणून ट्रकवाल्याने थोडंसं सुधारलं तरी खिशाला जाणवतं.

आणि खरी गोम इथे आहे: सेगीनला सेडान ने. जाऊन येऊन १०० मैल असतील, वर्षाचे ५ हजार. ट्रक हायवेला १६ देतो असं धरलं तरी ३१२ गॅलन, सेडानने १६७. वाचले १४५. ट्रकला हात न लावता त्याचं ॲव्हरेज १४ चं १७ केल्यासारखंच झालं की.

सरळसोट

हेच मी दुसऱ्या शब्दांत म्हणत होतो.

आकडेमोड

दुसऱ्या म्हणजे फारच दुसऱ्या.

मिनेसोटाची_माई

धुळकट, तू शाळा दोन मैल लिहिलंस तिथेच मी थांबले. दोन मैलांत इंजिन गरमच होत नाही रे बाळा. आमच्याकडे हिवाळ्यात २० फॅरनहाइटला गावातलं ॲव्हरेज ७७ फॅरनहाइटच्या मानाने १५ टक्क्यांनी पडतं, आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्या असल्या तर २४ टक्क्यांपर्यंत. तुमच्याकडे बर्फ नाही पण थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्या त्या छोट्याच, आणि उलट तुमच्याकडे एसी. कडक उन्हात छोट्या फेरीला एसी पाव हिस्सा खाऊ शकतो.

दुसरं विचारते, शाळेच्या पिकअप लाइनमध्ये किती वेळ उभा असतोस, इंजिन चालू ठेवून? मी नातवाला आणायला जाते तेव्हा बघते, ओळीतले निम्मे ट्रक वीस-वीस मिनिटं घरघरत असतात. उभ्या गाडीला तासाला पाव ते अर्धा गॅलन लागतो, तुझ्यासारख्या मोठ्या इंजिनाला एसीसकट अर्धाच धर. तेवढ्या वेळात मैल किती झाले तर शून्य. माझा स्वतःचाही दोष सांगते, रिमोट स्टार्ट. जानेवारीत चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं ट्रक गरम करत ठेवायचे, हिवाळाभर ११ च्या वर आकडा दिसला नाही. मग मुलाने ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) वापरायला लावला, निघायच्या दोन तास आधी टायमरवर लागतो, आता मी दोन मिनिटांत निघते. चहा पिऊनच निघते, पण आधी पिते.

धुळकट_बेड

माई, पंचवीस मिनिटं. रोज. एसी दोनवर. लेक सहा वर्षांची आहे, लवकर गेलो नाही तर ओळीत शेवटी लागतो आणि ती "तू शेवटी का आलास" विचारते.

मिनेसोटाची_माई

मग जा लवकर, पण सावलीत लावून काचा उघड्या ठेव, नाहीतर उतरून उभा राहा. आठवड्याला गॅलनभर तिथेच जातोय तुझा.

कॅम्परवाला_एल_पासो

इथे १४ वर एवढी चर्चा चाललीये ते वाचून मला हसू येतंय, पुढच्या वर्षी कॅम्पर घेणार म्हणतोस ना, मग आत्ताच सांगून ठेवतो, १४ ही श्रीमंती आहे.

माझा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, मागे लावला की ९, कधी साडेनऊ. लोकांना वाटतं वजनाने पडतं, वजन चढावर आणि सुटताना लागतं, हायवेला खरा मारतो तो ट्रेलरचा सपाट चौकोनी चेहरा, ट्रकच्या टपाच्याही वर तीन फूट भिंत घेऊन हवेत घुसायचं म्हणजे काय होणार. एकदा आय-१० ने सॅन अँटोनियोहून घरी येत होतो, फोर्ट स्टॉकटन सोडल्यावर समोरून असा वारा लागला की डॅशवर ६.८ दिसायला लागलं. फोर्ट स्टॉकटन ते व्हॅन हॉर्न १२० मैल आहे आणि मध्ये पंप तुरळक, २६ गॅलनची टाकी, पण मी फोर्ट स्टॉकटनला "अर्धी आहे की, जाऊ" म्हणून न भरता निघालो होतो. बायको नकाशा बघत होती, मी काटा बघत होतो, दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. शेवटी एसी बंद, वेग ५५, मागून ट्रकवाले हॉर्न मारत जातायत. व्हॅन हॉर्नला पोचलो तेव्हा रेंजच्या जागी नुसत्या रेघा होत्या. तेव्हापासून ट्रेलर मागे असला की अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी असा घरचा नियम आहे.

त्यात ते साल २०२२ होतं, जूनमध्ये देशभरातली सरासरी पहिल्यांदा ५ डॉलरच्या वर गेली तेव्हाचंच. त्या ट्रिपच्या पावत्या अजून ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत, फेकवत नाहीत.

तर ओढताना वेग ६०-६२, टो हॉल मोड (ओझं ओढतानाचं गिअरचं सेटिंग) चालू, आणि ट्रिपचं बजेट करताना ८ ने भागायचं. ९ पडलं तर त्या पैशात आइसक्रीम खायचं. ट्रकला शिव्या देत नाही मी, हीच गाडी तो डोंगर चढून जाते, सेडानने ट्रेलर ओढून दाखव म्हणावं कोणी.

डेफवाला

डिझेल घ्या, प्रश्नच मिटतो. ३ लिटरचं ड्युरामॅक्स डिझेल इंजिन २०२० च्या सिल्व्हराडो पिकअपमध्ये टू व्हील ड्राइव्हला २३ सिटी ३३ हायवे आहे, ट्रेलर लावूनही पेट्रोलएवढा कोसळत नाही.

आकडेमोड

आकडा खरा आहे पण पंपावर डिझेल गॅलनमागे किती महाग ते धरून परत भाग, शिवाय डेफ (धूर साफ करायला टाकायचं द्रव) आणि फ्युएल फिल्टर, आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नीट जळून साफ होत नाही. दोन मैलांच्या शाळेला डिझेल म्हणजे त्या इंजिनावर अन्याय. रोज लांब ओढणाऱ्याला जरूर.

मैलाचा_दगड

एक राहिलंच, १३० चा टोल रोड म्हणालास तो सेगीनकडचाच ना, जिथे ८५ ची लिमिट आहे? २०१२ पासून आहे, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. खरं सांग, किती ने जातोस?

धुळकट_बेड

८५. लिमिटच आहे ना तेवढी.

मैलाचा_दगड

आणि तुझे टायर मोठे, म्हणजे डॅशवर ८५ तेव्हा खरा ८८.

ऐक, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७० च्या मानाने ८५ ला तो ४७ टक्के जास्त. छोट्या गाडीलाही बसतो पण तुझा ट्रक म्हणजे उभी भिंत, त्यात दोन इंच वर उचललेली, खालची झालर काढलेली, हवा सगळी खाली घुसून ॲक्सल आणि फ्रेमवर आपटतेय. स्टिकरवरचा हायवे २२ हा झालर असलेल्या, ओरिजिनल टायरच्या ट्रकचा. ईपीएने २००८ च्या मॉडेलपासून वेगाची, एसीची आणि थंडीची टेस्ट धरायला सुरुवात केली, त्याआधीचे आकडे तर अजूनच गुलाबी होते, पण त्या वेगाच्या टेस्टमध्येही जास्तीत जास्त वेग ८० आहे आणि तोही काही क्षणांपुरता. तू अर्धा तास ८८ ने जातोस.

आणि वाचतं किती? तो ८५ वाला पट्टा ४१ मैलांचा. ८५ ने २९ मिनिटं, ७० ने ३५. सहा मिनिटं.

तुझ्या डॅशवर व्ही८ चं व्ही४ होताना दिसत असेल ना, म्हणजे चार सिलिंडर झोपतात ते? ८५ ला बघ, कधीच होणार नाही. ६८-७० ला सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी टिकतं. त्याच्या मागे फार लागू नकोस मात्र, मी एकदा तो व्ही४ टिकवायच्या नादात एक्झिट चुकवली होती.

सरळसोट

सहा मिनिटांसाठी. धन्य.

धुळकट_बेड

पाच आठवड्यांनी परत लिहितोय, सांगायचं राहू नये म्हणून.

ई८५ बंद, प्रीमियम बंद. हवा ३५. बेडमध्ये पेव्हरच्या उरलेल्या फरशा आणि टूलबॉक्स मिळून तीनशे पौंड पडून होते ते गॅरेजमध्ये उतरवले, १०० पौंडाला एक टक्का असं कुठेतरी वाचलं होतं. मैलांचे बोर्ड मोजले, ५० ला ४८, दगडसाहेब म्हणाले तसंच. पहिले दोन आठवडे सेगीनला ट्रकनेच गेलो पण ७० ने, उजव्या लेनमधून, एक स्कूल बस मला ओव्हरटेक करून गेली तेव्हा जिवावर आलं. वहीतला आकडा १५.६, बोर्डाप्रमाणे दुरुस्त केला तर १६.२. म्हणजे बिघाड नव्हताच, मीच होतो, आणि ते टायर.

मग आकडेमोड यांचं ऐकून सेगीनच्या दिवशी सेडान न्यायला लागलो, त्या दिवशी बायको ट्रक नेते. आणि गंमत म्हणजे ट्रकचं ॲव्हरेज परत १३.९ वर आलं! दोन मिनिटं परत डोकं फिरलं, मग लक्षात आलं की त्याच्या वाट्याचे हायवेचे मैल काढून घेतल्यावर उरल्या फक्त शाळा-ऑफिस-लंबरयार्डच्या फेऱ्या, ॲव्हरेज पडणारच. दोन्ही गाड्यांचे मिळून गॅलन बघितले तर आधी महिन्याला ८८ लागायचे, आता ७५. आकडा वाईट दिसतोय आणि पैसे वाचतायत, हे बाबांना समजावणं मात्र शक्य नाही, त्यांना अजून चौदाच सांगितलंय.

बायकोच्या ऑफिसच्या पार्किंग गॅरेजमध्ये ट्रक बसत नाही, बसला तरी दोन जागा अडवतो, म्हणून ती लांब उघड्यावर लावून चालत जाते, त्याचं बोलणं दर बुधवारी खातो. फ्रिजवरच्या पावत्या मात्र उतरल्यात.

शाळेच्या ओळीत आता इंजिन बंद करून उतरून उभा राहतो. मागच्या ट्रकवाला दोन दिवस बघत होता, तिसऱ्या दिवशी तोही उतरला. टायर झिजले की ओरिजिनल साइजचेच घेणार, आत्ता चांगले टायर फेकून बदलण्यात अर्थ नाही असं ठरवलंय. विकत नाहीये.

झालर मागवलीये, येत्या शनिवारी बसवणार. तिच्यासोबत क्लिपा येतात का वेगळ्या घ्याव्या लागतात?

मैलाचा_दगड

वेगळ्याच मागव, आणि भोकं मोजून त्यापेक्षा चार जास्तीच्या घे. बसवताना एक-दोन तुटतातच, आणि एक इंजिनात कुठेतरी पडते ती परत मिळत नाही. लेव्हलिंग किटमुळे झालर जमिनीपासून जरा उंच राहील, राहू दे. पार्किंगच्या ठोकळ्याला मात्र जपून लाव, आधीच्या मालकाची तशीच गेली असणार.